कार्नूस्टीचा अठरावा होल : व्हॅन द वेल्ड नक्की चुकला कुठे?

गवताळ (धागाकर्ता)

दर जुलैत 'द ओपन' ही गोल्फ स्पर्धा सुरू झाली की कुणी ना कुणी ती १९९९ची चित्रफीत पाठवतंच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक फ्रेंच माणूस ओढ्यात अनवाणी उभा आहे, पायाशी पाण्यात चेंडू. खाली हसऱ्या तोंडांची रांग आणि 'खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा गाढवपणा' असं काहीतरी लिहिलेलं. मीही वर्षानुवर्षं हसलो. परवा तो होल पहिल्या फटक्यापासून शेवटच्या पटपर्यंत (पट म्हणजे खड्ड्याजवळ चेंडू घरंगळवत मारायचा फटका) सलग पाहिला आणि मत डळमळलं. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पर्धा स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला. चार दिवस, रोज १८ होल (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा). जाँ व्हॅन द वेल्ड तिसऱ्या दिवसअखेर पाच फटक्यांनी पुढे होता. शेवटच्या दिवशी त्यातले दोन गेले, पण अठराव्या होलच्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) उभा राहिला तेव्हा अजून तीन फटक्यांची आघाडी होती. होल ४८७ यार्डांचा, पार ४. म्हणजे सहा फटके घेतले असते तरी ट्रॉफी त्याची. १९०७मध्ये आर्नो मासी जिंकला, त्यानंतर एकाही फ्रेंच माणसाला ओपन मिळालेली नव्हती.

आता फटके मोजा.

पहिला : ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी). उजवीकडे लांब गेला. बॅरी बर्न नावाचा ओढा तिथं सापासारखा वळतो, त्या वळणातल्या जमिनीच्या जिभेवर, सतराव्या होलच्या हद्दीत चेंडू पडला. कोरडा! नशीब.

दुसरा : टू-आयर्न (लांब मारायचा लोखंडी क्लब), थेट ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या हिरवळीच्या दिशेनं. चेंडू पुन्हा उजवीकडे, प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटला, तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर, आणि तिथून उलटा ५० यार्ड मागे येऊन गुडघाभर गवतात.

तिसरा : त्या गवतातून ग्रीनकडे. गवतानं क्लब धरला, चेंडू ग्रीनसमोरच्या ओढ्यात.

मग ते प्रसिद्ध दृश्य. बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला, बराच वेळ विचार केला, आणि शेवटी दंडाचा एक फटका घेऊन मागे चेंडू टाकला. तो चौथा धरला. पाचवा ग्रीनजवळच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. सहावा बंकरमधून बाहेर. सातवा पट, आणि तो बेट्यानं घातला! आघाडी गेली, पण बरोबरी झाली आणि ती फोडायचा जादा खेळ, म्हणजे प्लेऑफ, मिळाला.

माझं म्हणणं असं : सगळे ड्रायव्हर आणि टू-आयर्नला शिव्या घालतात. ते दोन्ही फटके धाडसी होते, मूर्ख नव्हते. खरी चूक तिसरा फटका. त्या गवतातून आडवं, मोकळ्या जागेत बाहेर यायचं, चौथा ग्रीनवर, दोन पट, सहा. खेळ खलास. पण त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण चित्रफितीत ओढा दिसतो, गवत दिसत नाही.

काय वाटतं?

---

शंकासुर

धागा वाचला, मजा आली, पण अर्धं डोक्यावरून गेलं. पार ४ म्हणजे नक्की काय? आणि पाण्यात उतरून मारायचं ठरवलं असतं तर मारता आलं असतं का?

---

गवताळ

पार ४ म्हणजे चांगल्या खेळाडूनं चार फटक्यांत संपवावा असा होल. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. त्याला डबल बोगी पुरत होती, झाली ट्रिपल.

पाण्यातून मारायला नियमाची आडकाठी नाही. चेंडू आहे तिथून खेळलात तर दंड नाही. सुरुवातीला चेंडूचा थोडा भाग वर दिसत होता, म्हणूनच त्याला मोह झाला. तो उतरेपर्यंत आणि विचार करेपर्यंत चेंडू खाली गेला.

---

ठोकताळा

गवताळ, लेख झकास, निष्कर्ष अमान्य.

हिशोब साधा आहे. हातात सहा फटके. टीवरून एखादं मधलं आयर्न, मग दुसरं आयर्न ओढ्याच्या अलीकडे, मग वेजनं (जवळून उंच मारायच्या क्लबनं) ग्रीनवर. झाले तीन. आता तीन पट मारायची मुभा. तीन! क्लब क्रिकेटमधला दहाव्या क्रमांकाचा फलंदाजसुद्धा तीन चेंडू अडवतो.

ज्याला षटकात तीन धावा हव्यात तो पहिल्याच चेंडूला पुढे सरसावून उंच मारायला जातो आणि झेल सीमारेषेवर सुटला तर आपण 'धाडसी' म्हणतो? झेल सुटला म्हणून फटका बरोबर ठरत नाही. ड्रायव्हर हीच चूक, आणि चेंडू कोरडा राहिला ही त्या चुकीला मिळालेली लाच. त्यामुळेच त्याला वाटलं की आज आपलाच दिवस आहे.

---

सायंतारा

'चुकीला मिळालेली लाच' +१. वहीत टिपून ठेवते.

---

बंकरवासी

ठोकताळा, कागदावर तुमचं गणित बिनतोड आहे. पण तो होल कागदावर नाही, त्यामुळे जरा भूगोल.

कार्नूस्टीचा अठरावा म्हणजे सरळ हिरवळीची पट्टी नव्हे. बॅरी बर्न टीच्या पुढ्यातून जातो, उजवीकडे वळसा घालतो आणि पुन्हा ग्रीनच्या अगदी तोंडाशी आडवा येतो. डावीकडे हद्द. त्यापलीकडे चेंडू गेला की दंड घेऊन पुन्हा टीवरून मारायचं. म्हणजे आयर्ननं मारलं म्हणून पाणी चुकत नाही, हद्दही चुकत नाही. फक्त पुढचा फटका लांबतो. त्यातून त्या वर्षी तिथलं गवत कसं होतं ते विचारू नका. फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) चिंचोळे, बाजूला गवत मांडीपर्यंत. जगातले उत्तमोत्तम खेळाडू कोर्सच्या नावानं बोटं मोडत होते. सर्जिओ गार्सिया तेव्हा १९ वर्षांचा, पहिल्या दिवशी ८९ मारून आईच्या गळ्यात पडून रडला. अखेर जिंकणारा स्कोअर होता पारपेक्षा सहा जास्त. ओपनमध्ये लोक एरवी पारच्या खाली दहा-पंधरा जाऊन जिंकतात.

अशा ठिकाणी जो माणूस ७१ होल ड्रायव्हर बिनधास्त मारत पुढे आला, त्यानं बहात्तराव्या होलवर अचानक भित्रा खेळ सुरू करावा? कित्येकदा तिथंच घात होतो. सावध स्विंग हा अर्धवट स्विंग असतो.

आता दुसरा फटका. इथं मी गवताळच्याही पुढे जातो. तो टू-आयर्न स्टँडमध्ये जाऊन नुसता अडकला असता ना, तर काहीच बिघडलं नसतं. स्टँड ही तात्पुरती अडचण समजतात, त्यासाठी दंडाशिवाय चेंडू बाहेर टाकायला मिळतो. तिथून चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), दोन पट, पाच. किंवा वाईटात वाईट सहा. म्हणजे त्या दिशेला चूक झाली तरी खाली जाळी होती. पण चेंडू कठड्याच्या लोखंडावर आदळला, तिथून भिंतीच्या दगडावर, आणि मागे आला. पुन्हा शंभर वेळा मारला तरी तसा उडणार नाही.

ओपनमध्ये नशीब हा पंधरावा क्लब असतो (पिशवीत चौदाच ठेवता येतात).

---

ठोकताळा

जाळी होती म्हणून उंचावरून उडी मारायची का? ओढ्याच्या अलीकडे वेजनं ठेवला असता तर जाळीची गरजच नव्हती.

बाकी 'सावध स्विंग हा अर्धवट स्विंग' हे पटलं. अर्धं.

---

उगाचच

दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून मी निघतो. 😀

जाता जाता : 'बर्न' म्हणजे स्कॉटिश बोलीत ओढा. मी इतकी वर्षं समजत होतो की कुणीतरी बॅरी नावाचा माणूस तिथं भाजला होता.

---

आडवाट

या सगळ्यात ज्यानं स्पर्धा जिंकली त्याचं नाव साडेसहा प्रतिसाद झाले तरी कुणी घेतलेलं नाही. हेच दुखणं आहे.

पॉल लॉरी. ॲबर्डीनचा, म्हणजे जवळचाच. जागतिक क्रमवारीत १५९वा, पात्रता फेरी खेळून आत आलेला. शेवटच्या दिवशी सकाळी तो दहा फटके मागे होता. दहा! त्या गवतात, त्या वाऱ्यात त्यानं ६७ मारले. चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांच्या इतिहासात शेवटच्या दिवशी एवढं अंतर भरून काढून कुणी जिंकलेलं नाही.

तो कधीचा खेळून मोकळा झाला होता. दुसरा जस्टिन लेनर्ड, त्याचाही अठराव्यावर दुसरा फटका ओढ्यातच गेला होता, बोगी घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं आपण हरलो. मग व्हॅन द वेल्डनं दोघांना हात देऊन परत वर ओढलं. तिघांचे २९०.

तेव्हा चार होलांचा प्लेऑफ असायचा, चारही होलांचे फटके मिळून मोजायचे (२०१९पासून तीन होल केलेत). पावसात पंधरा ते अठरा खेळले. व्हॅन द वेल्डनं पहिल्याच होलवर डबल बोगी मारली. लॉरीनं शेवटच्या दोन्ही होलवर बर्डी. अठराव्यावर, त्याच ओढ्यावरून, चार-आयर्ननं चेंडू होलच्या इतका जवळ ठेवला की पट ही नुसती औपचारिकता उरली. त्याच होलवर लेनर्डनं चेंडू पुन्हा ओढ्यात घातला. लॉरी तीन फटक्यांनी जिंकला.

एकाच संध्याकाळी एकाच होलवर एकाचे सात आणि दुसऱ्याचे तीन. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? मोजे.

---

गवताळ

मान्य, आडवाट. मीच मूळ लेखात लॉरीचं नाव घेतलं नाही हे आत्ता लक्षात आलं. कान पकडतो.

---

सायंतारा

मला चुकीपेक्षा त्या माणसाचं वागणं जास्त भावतं. ओढ्यात उतरला तेव्हा हसत होता. लोकही टाळ्या वाजवत होते. एवढं झाल्यावर बंकरमधून बाहेर काढून तो शेवटचा पट घालणं किती कठीण असेल? आणि त्याच्या आधीची गंमत तुम्ही कुणी लिहिलीच नाहीत. त्याच्यासोबत खेळणारा क्रेग पॅरी त्याच बंकरमध्ये होता. पॅरीनं आधी मारला आणि चेंडू थेट होलमध्ये गेला! आता याच्या जागी स्वतःला उभं करून बघा. शेजाऱ्यानं त्याच वाळूतून घातला, तुम्हाला नुसता बाहेर काढून एक पट घालायचा आहे, नाहीतर प्लेऑफसुद्धा नाही.

पट गेल्यावर त्यानं हवेत मूठ मारली. सात फटक्यांनंतर! मला तो क्षण ओढ्यापेक्षा मोठा वाटतो.

---

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. तिथं हजारो लोक, सोबत पॅरी, सोबत क्लबांची पिशवी वाहणारा कॅडी. एकानंही सांगितलं नाही की बाबा रे, आडवा मार?

---

बंकरवासी

बाळबोध नाही, कळीचा प्रश्न आहे.

गोल्फमध्ये खेळाडूला सल्ला फक्त त्याचा कॅडी देऊ शकतो. सोबतच्या स्पर्धकाला 'तू कुठला क्लब मारलास' इतकं विचारलं तरी दोन फटक्यांचा दंड. त्यामुळे पॅरीला कितीही पोटतिडीक असली तरी त्यानं तोंड मिटून बघायचं. उरतो कॅडी. आणि कॅडीची गोची अशी की खेळाडूच्या हातात क्लब गेला, त्याची नजर ग्रीनवर लागली, की 'नको' म्हणायला फार मोठं धाडस लागतं. तुम्ही नको म्हणालात, त्यानं मनाविरुद्ध वेज घेतला आणि तोच बिघडला तर?

माझ्या मते तिसऱ्या फटक्याच्या वेळी कॅडीनं पिशवी घेऊन सरळ चालू लागायला हवं होतं. क्लबच मिळाला नसता. 😀

---

ठोकताळा

म्हणजे शेवटी तुम्हीही मान्य करताय की कुठंतरी 'नको' म्हणायला हवं होतं. मी टीवर म्हणतो, तुम्ही गवतात म्हणता, एवढाच फरक.

---

काठावर पास

१९९९चं ते वर्षच तसलं होतं. बरोबर महिनाभर आधी, १७ जूनला, एजबॅस्टनला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्लुसनर आणि डोनाल्ड. एक धाव हवी, तीन चेंडू बाकी, शेवटची जोडी. क्लुसनर धावला, डोनाल्ड बॅट टाकून उभा. सामना बरोबरीत, दक्षिण आफ्रिका घरी. त्या वेळीही वर्षभर हीच चर्चा : चूक कुणाची, पळायची घाई कशाला.

फरक एवढाच की तिथं दोघं होते. हा एकटा.

---

गवताळ

वा! हे साम्य डोक्यात आलं नव्हतं.

---

जुना प्रतिसादक

ओपनमध्ये हातातली स्पर्धा घालवणारा व्हॅन द वेल्ड एकटा नाही. पण प्रत्येकाची घालवण्याची तऱ्हा वेगळी.

डग सँडर्स, १९७०, सेंट अँड्र्यूज. शेवटच्या होलवर तीन फुटांपेक्षाही छोटा पट. घातला की ओपन. चुकला. दुसऱ्या दिवशी अठरा होलांचा प्लेऑफ, त्यात जॅक निकलसकडून हरला. हे माणसाच्या हातांचं अपयश.

थॉमस ब्यॉर्न, २००३, सँडविच. चार होल शिल्लक, तीन फटके पुढे. सोळाव्यावर बंकरमध्ये गेला. पहिला फटका ग्रीनच्या कडेला जाऊन परत पायाशी, दुसराही परत पायाशी, तिसऱ्याला बाहेर. एका फटक्यानं हरला. जिंकला बेन कर्टिस, क्रमवारीत ३९६वा! हे उताराचं आणि वाळूचं काम.

ॲडम स्कॉट, २०१२, लिदम. चार होल, चार फटके आघाडी, चारही होलवर बोगी. आरडाओरडा नाही, ओढा नाही, काही नाही. शांतपणे बुडाला. एर्नी एल्स जिंकला. सगळ्यांत भयंकर मला हेच वाटतं, कारण यात दाखवायला एकही फटका नाही.

आणि टॉम वॉटसन, २००९, टर्नबेरी. वय ५९. नऊ महिन्यांपूर्वी खुब्याचा सांधा बदललेला. पाच ओपन आधीच खिशात, त्यातली पहिली १९७५ची कार्नूस्टीलाच. बहात्तराव्या होलवर पार हवा. फेअरवेमधून आठ-आयर्न, अगदी मनासारखा लागला. ग्रीनवर पडला, घरंगळला, घरंगळतच राहिला, मागे उतरून गेला. तिथून पटरनं (पट मारायच्या क्लबनं) मारला, तो पुढे गेला, परतीचा चुकला. प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंक. वॉटसननं काय चूक केली? काहीही नाही. कडक जमिनीनं एक उसळी जास्त दिली.

व्हॅन द वेल्डचं म्हणाल तर त्याचं अपयश निवडीचं होतं. आणि निवड चुकली की लोक माफ करत नाहीत, कारण घरात बसून प्रत्येकाला ती बरोबर करता येते. तीन फुटांचा पट घरात बसून घालता येत नाही.

---

सायंतारा

शेवटचा परिच्छेद 👌

---

उगाचच

मी परत आलो. २००३चं नाव निघालंच आहे तर अवांतर. त्याच स्पर्धेत मार्क रो नावाच्या खेळाडूनं तिसऱ्या दिवशी ६७ मारले, आघाडीच्या अगदी जवळ. आणि बाद! का? सुरुवातीला तो आणि येस्पर पार्नेविक आपापली स्कोअरकार्डं एकमेकांना द्यायला विसरले. प्रत्येकाचा स्कोअर दुसऱ्याच्या नावाच्या कार्डावर. दोघंही घरी. ओढ्यात जायची गरजच नाही, कागदावरसुद्धा बुडता येतं.

---

शंकासुर

अरे देवा. हा खेळ आहे की तहसील कचेरी?

---

प्रशासक सहायक

चर्चा चांगली चालू आहे. अवांतर बेतानं घ्या, एवढंच.

---

तांबडी माती

अवांतर नाही, विषयाला धरूनच. एवढं सगळं ज्याच्यासाठी, त्या 'क्लॅरेट जग' नावाच्या ट्रॉफीबद्दल दोन ओळी.

पहिली ओपन १८६०, प्रेस्टविक. १७ ऑक्टोबरला आठ जण, बारा होलांचा कोर्स, एकाच दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क जिंकला. बक्षीस म्हणजे लाल मोरोक्कन चामड्याचा पट्टा. नियम असा की सलग तीनदा जिंकाल तर पट्टा कायमचा तुमचा. यंग टॉम मॉरिसनं १८६८, ६९, ७० असा तीनदा जिंकून तो खरंच घरी नेला. १८७१ला द्यायला बक्षीसच नाही, स्पर्धाच झाली नाही! मग तीन क्लबांनी प्रत्येकी दहा पौंड घातले आणि चांदीचा क्लॅरेट जग बनवून घेतला. १८७२ला पुन्हा यंग टॉमच जिंकला, पण जग तयार नव्हता, म्हणून पदकावर भागवलं. तरी जगावर पहिलं नाव त्याचंच कोरलंय.

आजही विजेत्याचं नाव तिथल्या तिथं, बक्षीस समारंभाआधी कोरतात. कोरणारा माणूस औजारं घेऊन बसलेलाच असतो. व्हॅन द वेल्ड पाण्यात उभा असताना त्याच्या मनात काय चाललं असेल, हा माझा आवडता विचार.

---

आडवाट

आणि व्हॅन द वेल्ड हे नाव कोरायला किती अक्षरं. लॉरीनं त्याचं काम हलकं केलं.

---

बंकरवासी

आता ठोकताळांसाठी राखून ठेवलेला दारूगोळा.

२००७. तेच कार्नूस्टी, तोच अठरावा. पॅड्रिग हॅरिंग्टन एका फटक्यानं पुढे. ड्रायव्हर घेतला, चेंडू ओढ्यात. दंड घेऊन टाकला, पुढचा फटका, पुन्हा ओढ्यात! दोनदा. मग चिप आणि एक पट, सहा. मागून येणाऱ्या गार्सियाला जिंकायला नुसता पार हवा होता. त्याचा पट होलच्या कडेला चाटून गेला. प्लेऑफमध्ये हॅरिंग्टन जिंकला.

आता सांगा. हॅरिंग्टनच्या त्या होलला कुणी गाढवपणा म्हणतं? त्यालाही ड्रायव्हरच हातात घ्यावासा वाटला, तोही पाण्यात गेला, एकदा नव्हे दोनदा. फक्त त्याचे झाले सहा आणि याचे सात. आणि गंमत म्हणजे व्हॅन द वेल्डला सहाच पुरत होते. हॅरिंग्टनचा तो 'भयानक' होल १९९९ला त्याला उसना दिला असता तर तो ओपन विजेता.

(आणि गार्सिया. एकोणिसाव्या वर्षी तिथं रडला, सत्ताविसाव्या वर्षी तिथंच हरला. कार्नूस्टीनं त्याचं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.)

---

ठोकताळा

दारूगोळा दमदार आहे, कबूल.

पण हॅरिंग्टन एक पुढे होता, तीन नव्हे. एका फटक्याच्या आघाडीवर पार हवाच असतो, ड्रायव्हर समजू शकतो. तीनच्या आघाडीवर नाही. परिस्थिती तीच, होल तोच, पण गरज वेगळी.

मात्र एक मान्य. त्या दोन कहाण्यांमधला फरक अकलेचा नाही. मी 'मूर्ख' हा शब्द मागे घेतो. 'हट्टी' ठेवतो.

---

गवताळ

'हट्टी' मला चालेल. हट्टी नसता तर पाच फटक्यांची आघाडी आलीच नसती.

---

काठावर पास

आपल्यापैकी कुणी तिथं काही करून दाखवलंय का? ओपनमध्ये म्हणतोय.

---

जुना प्रतिसादक

शुभंकर शर्मा, २०२३, रॉयल लिव्हरपूल, संयुक्त आठवा. ओपनमधली भारतीयाची ती सर्वोत्तम कामगिरी. त्याआधी ज्योती रंधावा २००४ला संयुक्त सत्ताविसावा होता. शुभंकरनं तो आठवडा पावसात, वाऱ्यात, बिनबोभाट काढला. पेपरात चौकोनभर बातमी आली, क्रिकेटच्या खाली.

जीव मिल्खा सिंगचीही एक गोष्ट आहे. २०१२ला त्याच्याकडे ओपनचं आमंत्रण नव्हतं. आदल्या आठवड्यात स्कॉटिश ओपन खेळला, प्लेऑफमध्ये जिंकला आणि त्या जिंकण्यावर ओपनची शेवटची जागा मिळवली. तीच ती लिदमची ओपन, स्कॉट बुडाला ती.

---

सायंतारा

पुन्हा मूळ प्रश्नाकडे. काल मीही तो होल सलग पाहिला, गवताळ, तुमच्यामुळे. तिसरा फटका दोनदा बघितला.

तो त्या गवतात उभा राहतो तेव्हा आडवी मोकळी जागा खरंच जवळ आहे. तो तिकडे एकदाही बघत नाही. मान फक्त ग्रीनकडे. तिथं पिवळा मोठा फलक, त्यावर त्याचं नाव सगळ्यांत वर, गच्च भरलेले स्टँड, आणि मध्ये फक्त ओढा. मला नाही वाटत त्या क्षणी तो तीन-चार-पाच-सहा मोजत होता. तो पोचला होता पलीकडे. शरीर तेवढं अलीकडे राहिलं होतं.

---

ठोकताळा

सायंतारा, हे वाचून मी तिसरा फटका माफ केला. पहिला नाही.

---

तांबडी माती

त्याच वर्षी डिसेंबरात तो परत कार्नूस्टीला गेला होता, माहीत आहे का? एका जाहिरातीसाठी. कडाक्याची थंडी, अठरावा होल, आणि अट अशी की टीपासून शेवटपर्यंत फक्त पटर वापरायचा. पहिल्या दोन खेपा फसल्या. तिसऱ्या खेपेला सहा फटक्यांत होल संपवला.

---

शंकासुर

सहा?

---

तांबडी माती

सहा.

---

ठोकताळा

मी मगाशी वेज म्हणालो होतो. पटरसुद्धा चालला असता, एवढीच दुरुस्ती.